दोन घडीचं पाणी

आमच्या आकाराम बुवांना एक खोड आहे. कीर्तन रंगात आलं की समोर बसलेल्याला ते काहीतरी देऊन टाकतात. खिशात काही नसतं, म्हणून शब्द देतात. कुणाच्या म्हशीला रेडी होईल, कुणाच्या लेकीला चालत जाण्याजोगं सासर मिळेल. बावीस वर्षं मी त्यांच्या मागं पेटी घेऊन बसतो, त्यामुळं शब्द कधी निसटणार हे मला आधीच कळतं. बुवांनी वरचा सा लावला, डोळे मिटले आणि उपरण्याचं टोक मुठीत धरलं, की समजायचं, आता कुणाला तरी काहीतरी मिळणार. मग मी घाईघाईनं ध्रुपद धरतो, म्हणजे बुवा गाण्यात अडकतील. क्वचित साधतं.

माझं नाव भाऊसो. दिवसा एस.टी. स्टँडासमोर मोटरी भरतो, म्हणजे जळालेल्या पंपांना नवी तार गुंडाळून देतो. संध्याकाळी पेटी. आमचं गाव सांगलीपासून बारा-तेरा मैलांवर, कृष्णेच्या काठाला. लोक म्हणतात, भाऊसोकडून पंप भरून आणला की तोही सुरात वाजतो. म्हणू देत.

त्या दिवशी मारुतीच्या देवळात सप्ताहाची समाप्ती होती. पुढच्या रांगेत वर्धमान अण्णा आणि त्यांच्या मंडळी गुणमाला वैनी बसल्या होत्या. घर जैनांचं, पण बुवांचं कीर्तन त्यांनी कधी चुकवलं नाही. वैनी दिवस मावळायच्या आत जेवून येतात. आम्ही बाकीचे कीर्तनानंतरच्या पंगतीकडं कान लावून बसतो. त्यामुळं आपलं कीर्तन खरं ऐकतात त्या एकट्या गुणमालाबाई, असं बुवा भर सभेत सांगतात.

बुवांनी त्या दिवशी मनाचा विषय घेतला होता. मन वाऱ्यासारखं, त्याला कोंडायचं कसं, असं विचारून त्यांनी झांज थांबवली आणि दृष्टांत म्हणून आपल्या लेकीलाच पुढं काढलं.

"माझी समीक्षा सांगलीच्या कॉलेजात काय करती, ठाव हाय का? वारा बर्फात कोंडती. खाऱ्या पाण्यात वारा सोडायचा, दाब द्यायचा, गार करायचं. पाण्याचा बर्फ हुतो, वारा आत, मीठ भाईर. मग बर्फ वितळवला, की गोड पाणी."

बायकांच्या बाजूनं समीक्षेचा आवाज आला. "बाबा, वारा नाही. कार्बन डायऑक्साइड."

"त्योच," बुवा म्हणाले. "आमच्यात त्याला वाराच म्हणत्यात."

लोक हसले. इथवर ठीक होतं. पण बुवांची नजर गुणमाला वैनींवर गेली, डोळे मिटले, उपरण्याचं टोक मुठीत आलं. मी ध्रुपद धरलं. तबल्यावर वीरधवल होता, त्यानंही ठेका उचलला. बुवा आम्हा दोघांच्या डोक्यावरून गेले.

"गुणमालाबाई, बारा दिवसांनी तुमचं मुनी महाराज गावात येणार. त्या दिवशी चौका तुमच्या दारात लागंल, आन पाणी तुमच्याच इहिरीचं असंल. नारदाच्या गादीवरनं सांगतोय."

गुणमाला वैनींनी डोक्यावरचा पदर उगाचच पुन्हा सारखा केला.

बुवा काय बोलून बसले, ते गावाला कळलं होतं. महाराज विहार करत एखाद्या गावात येतात, तेव्हा त्यांच्या आहारासाठी श्रावकांच्या घरी सोवळ्यात स्वयंपाक करतात, त्याला चौका लावणं म्हणतात. त्याला नळाचं पाणी चालत नाही. विहिरीचं लागतं, आपल्या हातानं शेंदलेलं, दुहेरी कापडातून गाळलेलं. वैनींचा तर स्वतः प्यायच्या पाण्यालाही हाच नियम आहे. आणि अण्णांची विहीर अकरा वर्षांमागं खारी झाली. उसाला नदीचं पाणी सोडलं ते वीस वर्षं सोडलंच. जमिनीतलं मीठ वर आलं, बांधाला पांढरं फुटलं आणि शेवटी विहिरीत उतरलं. तेव्हापासून वैनी रोज मैलभर चालून नणंदेच्या विहिरीचं पाणी आणतात. महाराज आले की नणंदेच्याच चौक्यात राबतात. आपल्या दारात उभं राहून महाराजांना बोलावणं त्यांनी सोडून दिलं. "पाणी दुसऱ्याचं, दार आपलं, हे बरं न्हाई दिसत," एवढंच म्हणायच्या.

पंगत उठल्यावर देवळाच्या पायरीवर समीक्षेनं बापाला गाठलं. ही पोर तिशीतली, चष्मा लावते, बोलणं तिखट. बुवांचं घराणं आटपाडीकडचं, वडील मेंढरं राखायचे. समीक्षा कळपातल्या कोकरासारखीच वाढली आणि आता अणुरेणूंचा कळप हाकते.

"बाबा, मी विहीर गोड करते असं कधी म्हणाले?"

"इहीर कुठं म्हणालो? तांब्याभर पाणी म्हणालो."

"तांब्या म्हणाला नाहीत."

"भाऊसो, मी काय म्हणालो रं?"

"नुसतं पाणी म्हणालात," मी म्हणालो. "ऐकणाऱ्यांनी कळशी धरलीय."

"बाबा, माझं यंत्र दुधाच्या किटलीएवढं आहे. प्रयोगशाळेबाहेर कधी चाललेलं नाही."

"लेकी, नारदाच्या गादीवरनं बोललंय. ते आता माघारी घेता येत न्हाई."

"मग नारदालाच सांगा चालवायला."

एवढं बोलून ती निघाली. पण चार पावलांवर वाटेत गुणमाला वैनी उभ्या होत्या. त्यांनी काही मागितलं नाही. त्यांनी फक्त विचारलं, "पोरी, मीठ गेल्यावर ते पाणी माझ्या इहिरीचंच ऱ्हाईल का गं? का मशीनचं हुईल?"

समीक्षेला परीक्षेत इतका अवघड प्रश्न कुणी विचारला नसावा. तिनं चष्मा पुसला. "काकी, उद्या विहीर बघायला येते," ती म्हणाली.

*

दोन दिवसांनी टेम्पोतून यंत्र आलं. स्टीलचा जाड भांड्यासारखा डबा, त्याला काचेची छोटी खिडकी, वर ढवळायची मोटर, बाजूला गार करायची पेटी आणि सोडावॉटरवाल्याकडून आणलेली गॅसची टाकी. सगळं अण्णांच्या विहिरीशेजारच्या गोठ्यात मांडलं. मोटर अडखळत होती, म्हणून मला बोलावलं होतं. बुवा बोलावल्याशिवाय आले होते.

"ह्यात कसं हुतं सगळं?" वैनींनी विचारलं.

"काकी, आमच्याकडं गजी घालतात बघा. मधे ढोलवाला, भोवती माणसं फेर धरतात. इथं गॅस म्हणजे ढोलवाला आणि पाण्याचे कण म्हणजे फेर धरणारे. गार आणि दाबलेलं असलं, की ते त्याच्याभोवती पिंजरा करतात. मिठाला त्या फेरात जागाच नसते. ते बाहेरच्या पाण्यात राहतं."

"आन ढोलवाला गेला की?"

"फेर मोडतो. गोड पाणी उरतं."

"मंजी आमच्या जत्रंगत," बुवा म्हणाले. "ढोलवाला जेवायला गेला की समदी पांगत्यात."

"बाबा, हे कीर्तनात वापरू नका."

"आता वापरणारच."

अडचण वेगळीच होती. फेर धरायला पहिला पाय कुणी टाकायचा, यातच पाण्याचा वेळ जातो. कधी तास, कधी दोन तास, कधी मुहूर्तच लागत नाही. म्हणून समीक्षेनं लोखंडाच्या संयुगाचे कण बनवले होते, केसाच्या जाडीत हजारो बसतील इतके बारीक. ते पाण्यात सोडले की प्रत्येक कणाच्या अंगावर फेर सुरू होतो. काम झालं की लोहचुंबकानं ते काढून घ्यायचे. तीन महिन्यांच्या मेहनतीचे सगळे कण एका काळ्या बाटलीत होते.

वैनींनी शांतपणे ऐकून घेतलं आणि आपला नियम सांगितला. गाळलेलं पाणी दोन घडीच चालतं, म्हणजे अठ्ठेचाळीस मिनिटं. त्यानंतर त्यात पुन्हा जीव होतात, म्हणून पुन्हा गाळायचं. "तुझा डबा बंद. त्यात हात घालून मी गाळणार कशी? तवा दोन घडीच्या आत पाणी भाईर आलं पायजे."

"काकी, प्रयोगशाळेत चाळीस मिनिटांत आलंय."

"तुझ्या बापाचा पूर्वरंग सव्वा तासात सपला न्हाई कवा," अण्णा म्हणाले. "तुझं चाळीस मिंटात हुईल म्हणतीस?"

"अण्णा, मी आईवर गेलेय," समीक्षा म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी वैनींनी पाणी शेंदलं, गाळलं. कापडावर राहिलेलं त्या कधी फेकत नाहीत, की कापड पिळतही नाहीत. गाळलेल्या पाण्यानंच कापड उलटं करून धुतात आणि ते धुवण जिथलं तिथं, त्याच विहिरीत सोडतात. त्याला जिवाणी म्हणतात. त्यासाठी त्यांची एक छोटी बादली आहे, बुडाला कडी असलेली. दोरानं खाली सोडायची, पाण्याला टेकली की कडीचा दोर ओढायचा. बादली अलगद कलंडते, जिवांना धक्का लागत नाही. समीक्षेनं ती बादली हातात घेऊन दोनदा उलटी करून पाहिली. इतकी साधी यंत्रं तिच्या कॉलेजात नसावीत.

मग तिनं गाळलेलं पाणी एका मोठ्या पातेल्यात घेऊन त्यात काळी बाटली ओतली, ढवळलं, आणि वीज गेली.

गार करायची पेटी बंद पडली. समीक्षा म्हणाली, बर्फ आणते, आणि माझी मोटरसायकल घेऊन सांगलीच्या रस्त्याला लागली. बुवा नि मी मोटर खोलून बसलो. दीड तास गेला. मधे वैनी गोठ्यात डोकावून गेल्या, घड्याळ बघितलं, पातेलं घेऊन बाहेर गेल्या, आणून ठेवलं. आमचं लक्ष नव्हतं. बुवा मला पुढच्या कीर्तनातला ढोलवाला ऐकवत होते.

समीक्षा बर्फाची लादी पोत्यात गुंडाळून आली. पातेल्यात वाकून बघितलं. पाणी नितळ होतं, तळाची कल्हई दिसत होती.

"काकी, यातलं काळं कुठं गेलं?"

"दोन घडी उलटून गेली हुती, पोरी. पुन्यांदा गाळलं."

"आणि काळं?"

"ते लयच निघालं बाई. कापडावर थर बसला." वैनींचा चेहरा समाधानी होता. "सोडलं की इहिरीत. बादलीनं, सावकाश. एकबी वाया जाऊ दिलं न्हाई."

समीक्षा बर्फाच्या लादीवरच बसली. मी पान्याला तेल लावू लागलो. वैनींना हळूहळू उमगलं आणि त्यांचे हात पदरात गेले.

"पोरी, तुझं काय नुकसान केलं का मी?"

"तीन महिन्यांचे कण होते, काकी. आता तुमच्या विहिरीत मजेत असतील." ती हसायचा प्रयत्न करत होती आणि ते तिला जमत नव्हतं.

अण्णांनी मला हळूच विचारलं, "काय रं, गाळ काढायचा पंप लावूया का?" मी मान हलवली. विहीर साठ फूट, कण चिमूटभर.

समीक्षेनं दोरीवर वाळत घातलेलं गाळणं ओढून घेतलं. ते पिळलेलं नव्हतं, धुवूनही घडीच्या कडेला काळा पट्टा राहिला होता. मग तिनं कापड उजेडाला धरलं आणि तिच्या कपाळाला आठी पडली. ती आठी मला माहीत आहे. बुवांना ताल चुकल्याची शंका आली की अशीच पडते.

"काकी, सगळं अडकलं? खालच्या पाण्यात जरासुद्धा काळं नव्हतं?"

"न्हाई गं. निवळ."

"अडकायला नको होतं." ती उठून उभी राहिली. "मेंढरांच्या कळपातून मुंगी जावी तसे हे कण तुमच्या कापडातून जायला पाहिजे होते. अडकले, म्हणजे ते बारीक राहिलेच नव्हते. तुमच्या पाण्यात पडल्या पडल्या एकमेकांना चिकटून ढेकळं झाली. कॉलेजात मी दुकानातलं मीठ घातलेलं पाणी वापरायचे. तुमच्या विहिरीत मिठाचे चार प्रकार असतील."

"मंजी?" बुवा म्हणाले.

"म्हणजे काकींनी गाळलं नसतं, तर ही ढेकळं डब्यात गेली असती. मी दाब दिला असता, दिवसभर बसले असते, काहीच झालं नसतं. आणि का झालं नाही, हे वर्षभर कळलं नसतं."

वैनींना एवढंच समजलं, की नुकसान झालं, पण शिव्या नाहीत. त्यांनी पदरातून हात बाहेर काढले.

"आता ते एकमेकांना चिकटू नयेत म्हणून अंगावर काहीतरी पाहिजे. कॉलेजातल्या सरांनी दिलेलं लेपाचं रसायन खाऱ्या पाण्यात टिकलं नाही, हे तर दिसलंच." ती स्वतःशीच बोलत होती.

बुवा खाकरले. "वाईला मी गुरुजींकडं शिकायला हुतो, तवा ते पोथीची शाई घरी करायचं. दिव्याची काजळी नुसती पाण्यात टाकली की तळाला बसायची. बाभळीचा डिंक घालून घोटली, की वरीसभर खाली बसायची न्हाई. मीच घोटायचो. हात भरून यायचं."

समीक्षेनं बापाकडं पाहिलं. "बाबा, डिंकाचं मी वाचलंय. जगभर करतात. आपल्या घरात कुणाला माहीत असेल, असं डोक्यातच आलं नाही. हे आधी सांगता आलं नाही तुम्हाला?"

"तू ईचारलंस कवा? तू माझं कीर्तन ऐकतीस ते चुका काढाय."

आटपाडीच्या माळावरून बुवांच्या बहिणीनं, समीक्षेच्या तानुबाई आत्यानं, डिंकाची पुडी कंडक्टरच्या हाती पाठवली. तुमच्या गल्लीतल्या दगडाबाईच्या नातवाला खोकला झालाय, त्यालाही थोडा द्या, असा निरोपही. समीक्षा पुडी घेऊन कॉलेजात गेली आणि सहा दिवस दिसली नाही. फोन लावला की मागं कसलं तरी घरघरणारं यंत्र आणि "काका, नंतर." सातव्या दिवशी नवी बाटली घेऊन आली. आल्या आल्या वैनींच्या हातात दिली आणि म्हणाली, "काकी, गाळून दाखवा."

वैनींनी विहिरीच्या पाण्यात चार थेंब टाकून गाळलं. कापड पांढरं राहिलं. खालचं पाणी चहासारखं तांबूस.

"ह्यात मध न्हाई ना कशात?" वैनींनी विचारलं. मध त्यांच्यात वर्ज्य.

"नाही, काकी. डिंक आणि लोखंड. निघालेलं पाणी दोन वेळा तपासून घेतलंय."

"बरं. लोखंड तर कढईतनंबी पोटात जातं."

पण महाराज यायच्या आदल्या दिवशी घेतलेल्या चाचणीला पंचावन्न मिनिटं लागली. दोन घडीच्या वर सात. समीक्षेनं आकडा वहीत लिहिला आणि वही मिटून ठेवली.

*

महाराज यायच्या दिवशी वैनी पहाटेच न्हाऊन कोऱ्या लुगड्यात होत्या. दारात रांगोळी काढलेली, आत सोवळ्यातली चूल, कुणी तिकडं फिरकायचं नाही. स्वयंपाकाला नणंदेच्या विहिरीचं पाणी आणून ठेवलं होतं. प्यायचा एक तांब्या तेवढा रिकामा होता. साडेसातला त्यांनी आपल्या विहिरीचं पाणी शेंदलं, गाळलं, गोठ्याच्या उंबऱ्यावर ठेवलं आणि म्हणाल्या, "दोन घडी सुरू झाली बघा."

समीक्षेनं पाणी डब्यात ओतलं. विहिरीचं पाणी आधीच गार, आणि ती सात मिनिटं वाचवायला या खेपेला डबाही रात्रभर बर्फात ठेवलेला. कण घातले, झाकण आवळलं, गॅस सोडला. काटा चढला. मी मोटर लावली. माझ्या हातची भरलेली, पेटीवरच्या पांढरी दोनच्या सुरात गुणगुणायला लागली.

"बाबा, आता बोलायचं नाही."

"मी काय बोलतोय?"

"तुम्ही श्वास घेतलात. त्यानंतर नेहमी बोलता."

दहा मिनिटं झाली. वीस. खिडकीतून नुसतं तांबूस पाणी फिरताना दिसत होतं. अण्णा बांधावर जाऊन आले, पुन्हा गेले. तीस मिनिटं झाली. वैनी उंबऱ्याबाहेर उभ्या होत्या, घड्याळाकडं बघत नव्हत्या. ओठ हलत होते, नवकार म्हणत असाव्यात. बुवांनी उपरण्याचं टोक मुठीत धरलं, पण या खेपेला काही बोलले नाहीत. नुसतं धरून बसले. मीही मनात पांडुरंगाला म्हटलं, बाबा, आजच्या दिवस आमच्या बुवांचा शब्द सांभाळ, पुढच्या वेळी मी ध्रुपद जरा आधी धरीन.

तेहेतिसाव्या मिनिटाला मोटरचा सूर उतरला.

फार नाही, अर्ध्या सुरानं. दुसऱ्या कुणाला कळला नसता. पंपाला गाळ लागला की असाच उतरतो. "समीक्षा," मी म्हणालो, "मोटरला भार आलाय."

ती काट्याकडं बघत होती. "काटा अजून तिथंच आहे, काका."

"काट्याचं मला ठाऊक न्हाई. आत काहीतरी दाटतंय."

तिनं कान लावला. मग काटा थरथरला आणि खाली उतरू लागला. खिडकीत ओल्या मिठासारखा पांढरा गर फिरायला लागला. मोटर आणखी जड झाली, आणि मला त्या सुरात पुरा पूर्वरंग ऐकू येत होता.

पुढची मिनिटं ही पोर यंत्रासारखी हलली. खालचं खारट पाणी काढून घेतलं. थोडा गर वितळवला आणि त्याच पाण्यानं बाकीचा धुतला. उरलेला वितळवताना सुटलेला गॅस नळीतून परत टाकीत घेतला.

"मोकळा सोड की बिचाऱ्याला," बुवांना राहवलं नाही.

"मोकळा सोडूनच उन्हाळा एवढा वाढलाय, बाबा. कारखान्याच्या चिमण्यांतून सुटतो, अण्णांच्या गुऱ्हाळाच्या धुराड्यातून सुटतो. पुढंमागं समुद्राच्या तळाशी याला असाच पिंजऱ्यात बसवायचाय. तिथं थंडीही आहे आणि दाबही. आपोआप राहील."

अण्णा लगेच धुराड्याच्या दिशेनं बघू लागले, जणू नाव घेतल्यानं ते पेटलंच असावं.

पाणी काचेच्या बरणीत आलं. खाली लोहचुंबक धरला. तो मी आणला होता, देवळातल्या जळालेल्या स्पीकरमधला. पंधरा वर्षं त्यानं बुवांचा आवाज सोसला होता. चहाचा रंग हळूहळू तळाला ओढला गेला आणि वर नितळ पाणी राहिलं. समीक्षेनं ते वैनींच्या तांब्यात ओतलं. काठोकाठ नाही, पाऊण.

"किती?" वैनींनी विचारलं.

"सेहेचाळीस," मी म्हणालो.

वैनींनी तांब्या दोन्ही हातांत घेतला, पुन्हा गाळला आणि उकळायला आत नेला. जाताना मागं वळून बुवांना म्हणाल्या, "तुमचा शब्द दोन मिंटांनी वाचला, बुवा."

*

दहाच्या सुमाराला महाराज आले. गल्लीत दोन्ही बाजूंना चौके लागले होते, दारोदार जोडपी हातात कलश-नारळ घेऊन उभी. अण्णा नि वैनीही उभे. वैनींचा आवाज अकरा वर्षांनी गल्लीत उठला: "नमोस्तु, नमोस्तु, अत्र तिष्ठ, तिष्ठ." बारीक आवाज, पण सुरात. बुवा, समीक्षा आणि मी समोरच्या कट्ट्यावर लांब उभे होतो. महाराजांनी सकाळी मनात काय नेम धरलेला असतो, तो कुणाला ठाऊक नसतो. तो ज्या दारात जुळेल तिथं ते थांबतात.

ते वैनींच्या दारापुढं आले. क्षणभर पाऊल मंद झालं, निदान बुवा अजून तसंच सांगतात. मग ते पुढं गेले आणि चौथ्या दारी थांबले.

आम्ही तिघं वैनींकडं बघायला धजत नव्हतो. बुवांचा चेहरा पडला होता. मोठ्या माणसाचा चेहरा पडलेला बघवत नाही, पेटीवाल्याला तर मुळीच नाही. वैनींनी कलश आत ठेवला आणि बाहेर आल्या.

"बाई, मी काय तोंड दाखवू," बुवा म्हणाले.

"का? तुमी चौका लागंल म्हणाला हुता. लागला. पाणी माझ्या इहिरीचं म्हणाला हुता. हुतं." वैनी पदरानं कपाळ पुसत म्हणाल्या. "महाराज थांबत्याल, असं तुमी म्हणालाच न्हाई. आन म्हणाला असता तर मी कीर्तनातनं उठून गेले असते. ते काय कुणाच्या शब्दानं थांबत्यात व्हय?"

बुवा यावर दोन घडी विचार करतील असं वाटलं. पण वैनी थांबल्या नाहीत. आत जाऊन तोच तांब्या घेऊन आल्या.

"पोरी, हिकडं ये. तू प्यालीस का हे पाणी कवा?"

"नाही, काकी. प्रयोगातलं पाणी प्यायची पद्धत नाही."

"समद्यांस्नी पाजाय निघालीस आन आपून कोरडी. हात पुढं कर."

समीक्षेनं ओंजळ केली. वैनींनी वरून संथ धार धरली, जशी महाराजांच्या ओंजळीत धरायची त्यांनी अकरा वर्षं वाट पाहिली होती. एक थेंब खाली सांडला नाही. समीक्षा प्याली, जिभेवर घोळवलं आणि तिची ती आठी पुन्हा पडली.

"काकी, खरं सांगू? अजून थोडं खारट आहे. एका खेपेत सगळं मीठ निघत नाही. दुसऱ्या खेपेला..."

वैनींनी उरलेलं पाणी आपल्या ओंजळीत घेतलं आणि सावकाश प्यायल्या. डोळे मिटलेले होते.

"आसू दे," त्या म्हणाल्या. "समदंच काढलं असतंस, तर माझ्याच इहिरीचं हाय म्हणून वळखलं कसं असतं मी?"

मग रिकामा तांब्या तिच्या हातात देऊन त्यांनी विचारलं, "उद्या किती वाजता शेंदू?"